कृपाबाई सत्यनाथन : दुखण्यातून उठलेल्या एका भगिनीचे चरित्र

आपल्या मंडळ्यांत आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली नाही अशी रविवारची उपासना क्वचितच होते. बोरगाव, सौसर, पांढुर्णा या भागातील मंडळींना हे सांगायला नको. घरात मोठे दुखणे आले म्हणजे नागपूरची वाट धरावी लागते. मग इस्पितळ, तपासण्या, औषधे, खर्चाची काळजी, आणि मागे घरी व मंडळीत चाललेली प्रार्थना. देवाच्या दयेने माणूस बरा होऊन घरी येतो, मंडळी उपकारस्तुती करते, आणि आपल्याला वाटते की संकट टळले.

परंतु दुखणेकऱ्याची दुसरी कसोटी तेव्हाच सुरू होते. ताप गेलेला असतो, पण अंगात शक्ती आलेली नसते. पूर्वीचे काम झेपत नाही. भेटायला येणारे कमी होतात. पुढे काय, हा प्रश्न रात्रंदिवस मनात घोळत असतो. अशा वेळी कोणी भला माणूस येऊन सांगतो की, विश्वास कमी पडला म्हणून पूर्ण बरे वाटत नाही. या एका बोलण्याने कितीतरी थकलेली माणसे आणखी खचली आहेत.

म्हणून या अंकात आम्ही आपल्याच मराठी मंडळीत जन्मलेल्या एका भगिनीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. तिचे आयुष्य अवघे ३२ वर्षांचे. त्यातला फार मोठा भाग दुखण्यात, दुखण्यातून उठण्यात आणि पुन्हा दुखण्यात गेला. तरी तिच्या हातून जे काम झाले त्याची आठवण शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे. तिचे नाव कृपाबाई सत्यनाथन, माहेरच्या कृपाबाई खिस्ती.

अहमदनगरचे घर

कृपाबाईंचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी अहमदनगर येथे झाला. या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली तेथे काम सुरू केले आणि पुढे ते मराठी ख्रिस्ती मंडळीचे एक मोठे केंद्र झाले. कृपाबाईंचे वडील हरिपंत खिस्ती हे ब्राह्मण कुळात जन्मलेले. मुंबई इलाख्यातील ज्या पहिल्या काही ब्राह्मणांनी प्रभू येशू ख्रिस्ताचा स्वीकार केला त्यांत त्यांची गणना होते. त्या काळी बाप्तिस्मा घेणे म्हणजे आई-वडील, भाऊबंद, घरदार आणि जात या सर्वांना एकाच दिवशी मुकणे होते.

आई राधाबाई यांची कसोटी तर याहूनही कठीण. लहान वयात लग्न झालेली ती मुलगी. पतीने नवा धर्म स्वीकारला तेव्हा तिच्या पायाखालची जमीनच सरकली. पतीबरोबर जावे तर माहेर तुटणार, न जावे तर संसार मोडणार. अखेर ती पतीकडे गेली, आणि ख्रिस्ताची ओळख तिला पुढे हळूहळू, स्वतःच्या अनुभवाने झाली. आईवडिलांची ही हकीगत कृपाबाईंनी पुढे आपल्या पुस्तकात मोठ्या आदराने सांगितली आहे. विश्वासासाठी काहीतरी सोडावे लागते, हा पाठ त्यांना घरातच मिळाला.

कृपाबाई लहान असतानाच वडील वारले. भावंडे पुष्कळ होती. आई आणि थोरला भाऊ भास्कर यांनी घर सांभाळले. भास्कर वाचनप्रिय होता. त्याने आपल्या या बहिणीला पुस्तके दिली आणि तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावे तसे तो अनेक विषयांवर बोलत असे. मुलीने फार शिकू नये असे समजणाऱ्या त्या काळात असा भाऊ लाभणे हे मोठे भाग्य होते. परंतु भास्करही ऐन तारुण्यात गेला. कोवळ्या वयात हा घाव कृपाबाईंच्या मनाला फार लागला आणि त्याचा परिणाम त्यांच्या प्रकृतीवरही झाला. पुढे त्या काही काळ मिशनमधील दोन युरोपियन बाईंच्या देखरेखीखाली राहिल्या व नंतर मुंबईला शाळेत गेल्या.

डॉक्टर होण्याची इच्छा

मुंबईत त्यांचा एका अमेरिकन डॉक्टर बाईंशी परिचय झाला आणि तेथेच आपणही वैद्यकीय शिक्षण घ्यावे ही इच्छा त्यांच्या मनात रुजली. ही केवळ हौस नव्हती. त्या काळी पडद्यातील व सोवळ्यातील हजारो स्त्रिया पुरुष डॉक्टरला हात दाखवीत नसत. बाळंतपणात, तापात, साध्या इलाजाने बऱ्या होणाऱ्या दुखण्यातही त्या उपचारावाचून मरत. अशा स्त्रियांकडे एखादी स्त्री डॉक्टरच जाऊ शकली असती, आणि आपल्या देशात अशा स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच. आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या त्या १८८३ साली, म्हणजे ही इच्छा कृपाबाईंच्या मनात आली त्यानंतर काही वर्षांनी. यावरून या मुलीची दृष्टी किती पुढची होती हे ध्यानात येईल.

त्यांची हुशारी पाहून विलायतेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळण्याची व्यवस्था झाली. परंतु प्रकृती तपासली तेव्हा असे ठरले की तिकडची हवा व प्रवास या मुलीला सोसणार नाही. दार उघडले आणि डोळ्यांदेखत बंद झाले.

मग दुसरा मार्ग निघाला. मद्रासच्या मेडिकल कॉलेजने १८७५ साली स्त्रियांना प्रवेश दिला होता. १८७८ साली कृपाबाई तेथे दाखल झाल्या. वय सोळा. मुलूख परका, भाषा परकी, जेवणखाण वेगळे. तेथे त्यांना रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन आणि त्यांच्या पत्नी ॲना यांच्या घरी आसरा मिळाला. हे कुटुंब तमिळ ख्रिस्ती. रेव्हरंड सत्यनाथन चिंताद्रिपेठ येथील झायन चर्चचे पाळक होते आणि ॲनाबाई मुलींच्या शाळा व घरोघरच्या स्त्रियांमधील काम पाहत असत. परगावी गेलेल्या एका मराठी मुलीला त्या घराने लेकीसारखे वागवले.

अभ्यासात कृपाबाई चमकल्या. परीक्षांत त्यांनी उत्तम यश मिळवले. पण शरीर मुळातच नाजूक, त्यात अतोनात श्रम. पहिले वर्ष संपता संपता प्रकृती इतकी ढासळली की शिक्षण सोडून देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १८७९ साली त्या पुण्यास आपल्या बहिणीकडे विश्रांतीसाठी परत आल्या.

पुण्यातील दिवस

वाचकहो, येथे आपण थोडे थांबू या. चरित्रे वाचताना मोठी कामे आपल्या नजरेत भरतात आणि मधली रिकामी वर्षे आपण ओलांडून जातो. पण ज्याने दुखणे काढले आहे त्याला ठाऊक आहे की खरी झुंज अशा रिकाम्या दिवसांतच असते.

कृपाबाईंच्या बाबतीत ही झुंज अधिक कठीण होती. त्यांनी मागितले होते ते स्वतःच्या सुखासाठी मागितले नव्हते. आजारी स्त्रियांची सेवा करावी म्हणून त्या निघाल्या होत्या, आणि देवाने त्यांनाच आजारी म्हणून घरी बसवले. चांगल्या कामाची इच्छा देवाने दिली असेल तर त्यासाठी लागणारे शरीर त्याने का दिले नाही, हा प्रश्न अशा माणसापुढे उभा राहिल्याशिवाय राहत नाही. त्यात त्या काळाचे वैद्यकशास्त्र आजच्यासारखे नव्हते. आज आपण ज्यांना प्रतिजैविके म्हणतो ती औषधे निघायला आणखी साठ-सत्तर वर्षे अवकाश होता. विश्रांती, चांगले अन्न आणि हवापालट एवढाच बहुतेक दुखण्यांवर उपाय. तोच त्यांनी केला.

त्यांनी बहिणीचे घर आणि तिचा हात नाकारला नाही. विश्रांती घेणे म्हणजे अविश्वास असे मानले नाही. आपल्या अंतःकरणातील ओढाताणीविषयी त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात लपवाछपवी न करता लिहिले. भावाच्या मृत्यूनंतरचा अंधार, देवाविषयी पडलेले प्रश्न आणि त्यातून हळूहळू मिळालेला आधार हे सर्व त्यात आहे. त्यांचा विश्वास एका दिवसात पक्का झाला नाही. दुखण्यातून उठणाऱ्याच्या अंगात जशी रोज थोडी थोडी शक्ती येते, तशीच त्यांच्या आत्म्यातही ती आली.

उटकमंडची हवा, नवे काम

प्रकृती सुधारल्यावर त्या पुन्हा मद्रासला गेल्या. सत्यनाथन कुटुंबाचा मुलगा सॅम्युएल केंब्रिजचे शिक्षण संपवून परत आला होता. दोघांचा परिचय झाला आणि १८८१ साली त्यांचा विवाह झाला. सॅम्युएल यांची नेमणूक उटकमंड येथील ब्रीक्स मेमोरियल शाळेत मुख्याध्यापक म्हणून झाली आणि नवे जोडपे निलगिरीच्या डोंगरात राहावयास गेले.

ही नेमणूक नोकरीची होती, पण कृपाबाईंसाठी ती देवाने योजिलेल्या औषधासारखीच ठरली. थंड, कोरडी, मोकळी हवा त्यांना मानवली. अंगात थोडी ताकद येताच त्यांनी ती कोठे लावली ते पाहण्यासारखे आहे. चर्च मिशनरी सोसायटीच्या मदतीने त्यांनी मुसलमान मुलींसाठी एक शाळा सुरू केली आणि इतरही मुलींच्या शाळांत त्या शिकवू लागल्या. पडद्यातील स्त्रियांपर्यंत डॉक्टर होऊन जाता आले नाही, म्हणून त्या शिक्षिका होऊन त्यांच्या मुलींपर्यंत गेल्या. एक वाट बंद झाली तरी ज्या माणसांसाठी ती वाट धरली होती ती माणसे त्यांनी सोडली नाहीत.

येथेच त्यांच्या लेखनाला सुरुवात झाली. निलगिरीतील तोडा लोकांच्या वस्तीला दिलेल्या भेटीवर त्यांनी इंग्रजीत लेख लिहिला. स्वतःचे नाव न देता एक भारतीय महिला एवढीच सही करून त्या लिहीत. पुढे स्त्रियांचे शिक्षण, घरातील संस्कार, आपल्या समाजातील चालीरीती अशा विषयांवर त्यांचे लेख येत गेले. लिहिण्याचे काम असे की ते घरी बसून करता येते, थकवा आला की थांबवता येते आणि बरे वाटले की पुन्हा हाती घेता येते. दुबळ्या शरीराला झेपेल असेच काम त्यांच्या वाट्याला आले.

पुन्हा दुखणे, पुन्हा उभारी

१८८४ साली सॅम्युएल यांची बदली राजमहेंद्रीस झाली. निलगिरीची हवा सुटली आणि कृपाबाईंचे दुखणे उलटले. तेथून ते कुंभकोणम येथे गेले. १८८६ साली मद्रासला परत येऊन ते तेथे स्थायिक झाले. पुढे सॅम्युएल मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले.

प्रकृती अशी वरखाली होत असतानाच कृपाबाईंनी आपले पहिले मोठे पुस्तक हाती घेतले. सगुणा या नावाची ती कथा १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९५ साली पुस्तकरूपाने निघाली. सगुणा म्हणजे बहुतांशी त्या स्वतःच. एका मराठी ब्राह्मण कुटुंबाने ख्रिस्ताचा स्वीकार कसा केला, त्या घरातील मुलगी कशी वाढली, तिने कोणती स्वप्ने पाहिली, हे सारे त्यात आहे. भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली पहिली आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून अभ्यासक आज तिच्याकडे पाहतात. विशेष हे की, ख्रिस्ती झाल्याने आपण आपल्या देशाला परके झालो असे त्यांनी कोठेही मानले नाही. मराठी मुलखातील डोंगर, नद्या, घरे, सासुरवास, सणवार यांचे वर्णन त्यांनी प्रेमाने केले आहे.

या काळात त्यांच्यावर आणखी एक दुःख कोसळले. त्यांचे एकुलते एक बाळ एक वर्षाचे होण्याच्या आतच गेले. ज्या माउलींनी असे दुःख सोसले आहे त्यांना याविषयी अधिक सांगायला नको. शरीर आधीच खंगलेले, त्यावर मनाचाही आधार गेला. या दुःखातून त्या लवकर सावरल्या नाहीत. अशा दुःखातून लवकर सावरावे अशी अपेक्षाही आपण कोणाकडून करू नये.

तरी त्यांनी लेखणी पुन्हा हातात घेतली. कमला ही त्यांची दुसरी कादंबरी. तिच्यात त्यांनी एका हिंदू मुलीची कथा सांगितली आहे. बालविवाह, सासरचा छळ, वैधव्य आणि शेवटी दुसऱ्यांच्या सेवेत वेचलेले जीवन असा तिचा ओघ आहे. आपल्या मंडळीबाहेरच्या स्त्रियांचे दुःख त्यांनी इतक्या आपुलकीने लिहिले, याचे कारण आम्हांस असे वाटते की स्वतः सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचे सोसणे चटकन कळते.

शेवटची दोन वर्षे फार कष्टाची गेली. हवापालटासाठी त्यांना निलगिरीतील कुन्नूर येथे नेण्यात आले, डॉक्टरांचे सल्ले घेण्यात आले, पण दुखणे हटले नाही. याच आजारपणात त्यांनी कमला पूर्ण केली. ३ ऑगस्ट १८९४ रोजी कृपाबाई प्रभूकडे गेल्या. त्याच वर्षी कमला प्रसिद्ध झाली. पुढे त्यांच्या दोन्ही कादंबऱ्यांची तमिळ भाषांतरे झाली. १९९८ साली, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी, त्या दोन्ही इंग्रजीत पुन्हा छापल्या गेल्या. ज्या मेडिकल कॉलेजातून त्यांना शिक्षण सोडून निघावे लागले होते, तेथेच वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या स्त्रीसाठी त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. त्यांना स्वतःला जी पदवी मिळाली नाही तिच्याकडे जाण्याची वाट दुसऱ्या मुलींसाठी त्यांच्या नावाने सोपी झाली.

आपण काय शिकावे

हे चरित्र वाचून कोणी विचारील की, देवावर भाव ठेवणारी ही बाई अखेर बरी झाली नाही, मग विश्वासाचा उपयोग काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही. पवित्र शास्त्रही तो टाळत नाही.

हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला, त्याने रडून प्रार्थना केली आणि त्याला १५ वर्षांचे आयुष्य वाढवून मिळाले. पण त्याच अध्यायात त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधण्यास सांगितले आहे. प्रार्थना आणि इलाज तेथे एकमेकांच्या आड आलेले नाहीत. एपफ्रदीत प्रभूचे काम करता करता मरणास टेकला आणि देवाने त्याच्यावर दया केली. पण पौलाचा दुसरा सोबती त्रफिम आजारी असल्यामुळे त्याला मिलेतात मागे ठेवावे लागले. आणि खुद्द पौलाने आपल्या शरीरातील काट्याविषयी तीनदा विनंती केली, तरी काटा निघाला नाही, कृपा मात्र पुरेशी मिळाली. हिज्कीयाचा विश्वास मोठा आणि पौलाचा लहान असे म्हणण्याचे धाडस कोण करील? म्हणून आजाऱ्याच्या अंथरुणाजवळ बसून त्याच्या विश्वासाचे माप काढण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

कृपाबाईंना दर वेळी जी थोडी शक्ती परत मिळाली ती त्यांनी जपून ठेवली नाही, आणि उधळलीही नाही. आज जेवढे झेपेल तेवढे काम त्यांनी प्रभूपुढे ठेवले. पुण्यात विश्रांती, उटकमंडला शाळा, मद्रासला लेखन. दुखण्यातून उठणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी हे ध्यानी घ्यावे. पूर्वी आपण शेतात राबत होतो, कारखान्यात पाळी करीत होतो, मंडळीत पुढे होऊन काम पाहत होतो, ते आज होत नसेल. त्याबद्दल मन खाऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेले औषध वेळेवर घ्यावे, सांगितली तितकी विश्रांती घ्यावी, आणि बसल्या जागी एखाद्यासाठी प्रार्थना, एखादे पत्र, शेजारच्या मुलाचा अभ्यास, एवढे जरी झाले तरी ते प्रभूचेच काम आहे.

मंडळीसाठीही येथे धडा आहे. पुण्यातील बहीण आणि मद्रासचे ते पाळकाचे घर नसते तर कृपाबाई पुन्हा उभ्या राहिल्या असत्या का? देवाची कृपा त्यांना पुष्कळदा माणसांच्या हातूनच मिळाली. आजारी माणूस इस्पितळात असताना आपण धावतो, हे चांगले आहे. पण तो घरी आल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यातही जाऊ या. थोडा वेळ बसावे, त्याचे ऐकून घ्यावे, जाताना दोन शब्दांची प्रार्थना करावी. घरात बाजारहाट करायला कोणी आहे की नाही, तपासणीला नेण्यासाठी सोबत आहे की नाही, हेही विचारावे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की, फेब्रुवारी महिन्यात कृपाबाईंच्या जन्मदिवसाच्या सुमारास हे चरित्र मुलांना सांगावे. आपल्या वर्गातही एखादे नाजूक प्रकृतीचे मूल असेल, जे खेळात मागे पडते, वारंवार गैरहजर राहते. त्याला कळू द्या की अहमदनगरच्या एका अशाच मुलीला देवाने वापरले. त्या वर्गात करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा १२ वा अध्याय वाचावा, आणि नंतर मुलांना घेऊन मंडळीतील एखाद्या आजाऱ्याला भेटून यावे.

त्यांच्या आईवडिलांनी या मुलीचे नाव कृपा ठेवले. पौलाला जे पुरेसे आहे असे सांगण्यात आले तेच ते नाव. आज आपल्या मंडळ्यांत जे बंधुभगिनी अंथरुणावर आहेत, जे नुकतेच इस्पितळातून परतले आहेत, आणि जे रात्री जागून त्यांची शुश्रूषा करीत आहेत, त्या सर्वांना प्रभू ती पुरवो.